अँजिओटेन्सिनचा अंमल

उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेस तापीचे विस्तीर्ण पात्र आणि डोंगरातून उतरून प्रकाशाजवळ तापीस मिळणारी गोमाई, अशा मर्यादांत वसलेला नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुका केळी, पपई, ऊस आणि कापूस पिकविणारा मुलूख म्हणून साऱ्या खानदेशास परिचित आहे. तापीकाठच्या काळ्या जमिनीत राबणारा शेतकरी आणि डोंगरउतारावरील पाड्यांत राहणारा भिल्ल अथवा पावरा कुटुंबातला मजूर यांच्या आहारात, श्रमात आणि मिळकतीत कितीही अंतर असले, तरी ज्या व्याधी हे अंतर मानीत नाहीत त्यांत उच्च रक्तदाबाची गणना प्रथम करावी लागेल. लोक तिला नुसते ‘बीपी’ म्हणतात, आणि ती बैठे काम करणाऱ्या सुखवस्तू शहरी माणसाची व्याधी आहे, अशी समजूत आजही पुष्कळांच्या मनात घर करून आहे.

ही समजूत किती निराधार आहे, याचा पुरावा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाकडून, नंदुरबारप्रमाणेच आदिवासीबहुल असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातून मिळाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या वतीने तेथील ८६ गावांतील मृत्यूंची २०११ ते २०१३ या काळात कारणवार नोंद घेण्यात आली, तेव्हा मृत्यूच्या कारणांत पहिला क्रमांक पक्षाघाताचा लागला. दर सात मृत्यूंमागे एक मृत्यू त्याने झालेला होता. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात न आलेला रक्तदाब होय. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला अथवा औषधाने आटोक्यात ठेवलेला आढळला. यंत्राची पट्टी दंडाला बांधून आकडा वाचणे हे त्यामुळे अत्यावश्यक कार्य ठरते; परंतु त्या आकड्याच्या पाठीमागे रक्तवाहिनीच्या भिंतीत कोणता व्यवहार चालू असतो, हे समजले म्हणजेच कोणत्या उपायावर पैसा आणि विश्वास खर्च करावा, याचा निवाडा करता येतो. त्या व्यवहारात संप्रेरके हुकूम देतात आणि प्राणवायूपासून निर्माण झालेली काही विध्वंसक रसायने त्या हुकमाची तामिली करतात. या दोहोंचा संबंध उलगडून दाखविणे हा या प्रकरणाचा विषय आहे.

१

कथेचा आरंभ १८९८ मध्ये स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेत झाला. रॉबर्ट टिगरस्टेट आणि त्यांचे सहकारी पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क काढून तो दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला, तेव्हा त्या सशाचा रक्तदाब वाढला. त्या अर्कातील अज्ञात द्रव्याला त्यांनी ‘रेनिन’ हे नाव दिले. मूत्र गाळणे एवढेच ज्याचे काम मानले जात होते, तो अवयव रक्ताच्या दाबावरही सत्ता चालवितो, ही कल्पना त्या काळी इतकी अपरिचित होती की पुढील तीन दशकांहून अधिक काळ या शोधाची फारशी दखल कोणी घेतली नाही. १९३४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणारी रोहिणी चिमट्याने अंशतः आवळून त्याचा रक्तदाब कायमचा वाढवून दाखविला, आणि मग मात्र रेनिनचे दफ्तर पुन्हा उघडले गेले. १९४० च्या सुमारास ब्युनोस आयर्स आणि इंडियानापोलिस येथील संशोधकांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, रेनिन स्वतः दाब वाढवीत नसून रक्तातल्या एका प्रथिनातून दाब वाढविणारे द्रव्य मोकळे करते, असे सिद्ध केले. ते द्रव्य आज अँजिओटेन्सिन या नावाने ओळखले जाते.

या व्यवस्थेचा क्रम असा आहे. यकृत एक मोठे प्रथिन रक्तात सोडीत असते. मूत्रपिंडाकडे येणारे रक्त कमी झाले, शरीरातले पाणी अथवा मीठ घटले, अथवा मज्जातंतूंनी इशारा दिला, म्हणजे मूत्रपिंड रेनिन स्रवते आणि रेनिन त्या प्रथिनाचा दहा अमिनो आम्लांचा तुकडा तोडते. हा तुकडा मुख्यतः फुप्फुसातील केशवाहिन्यांतून जाताना एसीई नावाचे विकर त्याची आणखी दोन अमिनो आम्ले छाटते, आणि उरलेला आठ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे ‘अँजिओटेन्सिन दोन’ हे अत्यंत प्रभावी संप्रेरक होय. ते रक्तवाहिन्यांचे स्नायू आकुंचित करते, तहान वाढविते आणि मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक स्रवण्याची आज्ञा देते. अल्डोस्टेरॉन मीठ शरीरात राखून ठेवते आणि त्याच्या मोबदल्यात पोटॅशियम मूत्रावाटे दवडते.

ही व्यवस्था मुळात मनुष्याच्या हिताची आहे, हे विसरून चालणार नाही. वैशाखात शहाद्याच्या शिवारात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, केळीच्या बागेत अथवा उसाच्या फडात दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या अंगातून घामावाटे पाणी आणि मीठ ओसंडत असते, आणि तरीही सायंकाळी ते आपल्या पायांनी घरी परततात, याचे श्रेय या संप्रेरकांच्या बंदोबस्तालाही आहे. घाम गेला की रेनिन वाढते, अल्डोस्टेरॉन वाढते, मूत्रातून जाणारे मीठ जवळजवळ थांबते आणि मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह टिकून राहतो. संकटकाळासाठी दिलेले हे अधिकार संकट सरल्यावरही चालू राहिले, मूत्रपिंडाच्या रोहिणीत अडथळा आला म्हणून, ग्रंथीत गाठ झाली म्हणून अथवा स्थूलपणामुळे ही संप्रेरके अकारण वाढत राहिली, म्हणजे मात्र रक्षणाची व्यवस्थाच अनर्थाला कारण होते.

रक्तदाबावरील औषधांच्या इतिहासात मुंबईचे नाव ठळकपणे नोंदले गेले आहे, त्याचाही येथे उल्लेख करणे प्राप्त आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या भारतीय वनस्पतीच्या मुळीचे रक्तदाबाच्या रुग्णांवर पद्धतशीर प्रयोग करून त्यांचे निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि तोवर वैद्यांपुरती व काही भारतीय संशोधकांपुरती मर्यादित राहिलेली ही मुळी जगाच्या औषधालयात दाखल झाली. त्या कार्यासाठी त्यांना १९५७ चे लास्कर पारितोषिक मिळाले. सर्पगंधेतील रेसर्पिन हे द्रव्य मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला नॉरअॅड्रेनॅलिनचा साठा रिकामा करते. म्हणजे त्यांच्या औषधाने दाब वाढविणाऱ्या एका संप्रेरकाचा मार्ग रोखला. दुसरा मार्ग अँजिओटेन्सिनचा. हे दोन्ही मार्ग दाब सारखाच वाढवीत असले, तरी रक्तवाहिनीचे नुकसान करण्याच्या बाबतीत ते सारखे नाहीत, हे उघडकीस येण्यास मात्र विसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडावे लागले.

२

तो उलगडा समजून घेण्यासाठी क्षणभर प्राणवायूकडे वळले पाहिजे. आपल्या पेशी प्राणवायूच्या साहाय्याने अन्नातून ऊर्जा मिळवितात. परंतु या व्यवहारात प्राणवायूच्या एखाद्या रेणूला एकच इलेक्ट्रॉन मिळून तो अर्धवट अवस्थेत सुटला, तर त्याचे सुपरऑक्साइड हे मुक्तमूलक बनते. जवळच्या रेणूंशी ते तत्काळ अभिक्रिया करते, आणि त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी आणखी क्रियाशील द्रव्ये निर्माण होतात. १९६९ मध्ये जो मॅक्कॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडचा निचरा करणारे ‘सुपरऑक्साइड डिसम्युटेज’ हे विकर ओळखले. ज्याच्या निवारणासाठी निसर्गाने स्वतंत्र विकराची तजवीज केली आहे, ते द्रव्य शरीरात नित्य निर्माण होत असले पाहिजे, हे त्यावरून स्पष्ट झाले. निर्मिती आणि निवारण यांचा तोल बिघडून निर्मितीचे पारडे जड झाले, म्हणजे त्या अवस्थेला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात.

रक्तवाहिनीच्या बाबतीत या तोलाला विशेष महत्त्व आहे. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. १९८० मध्ये न्यूयॉर्क येथील रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर प्रयोग करून असे दाखविले की हे अस्तर शाबूत असेल तरच वाहिनी विशिष्ट द्रव्याच्या स्पर्शाने सैलावते. अस्तर खरवडून काढले तर ती सैलावत नाही. अस्तरातून निघून स्नायूला सैल करणारा तो दूत म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू असल्याचे पुढे ठरले, आणि १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फरीद मुराद यांना या शोधांसाठी देण्यात आले. पारितोषिकाच्या बारा वर्षे आधीच, १९८६ मध्ये, अस्तरातून निघणारा हा दूत सुपरऑक्साइडच्या गाठीस पडताच निष्प्रभ होतो, आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज मिसळल्यास त्याचे आयुष्य वाढते, असे प्रयोगांनी दिसून आले होते. वाहिनीला विसावा देणारा दूत आणि त्याचा घात करणारे मूलक एकाच भिंतीत समोरासमोर उभे आहेत, हे कळल्यानंतर साहजिकच पुढचा प्रश्न आला: इतके सुपरऑक्साइड तेथे येते कोठून?

उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून त्यांच्यावर सुपरऑक्साइडचा मारा करतात आणि त्यासाठी त्यांच्याजवळ एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाचे विकर असते, हे पूर्वीच ज्ञात होते. ज्या बालकांत हे विकर जन्मतः सदोष असते, त्यांना वारंवार भयंकर जंतुसंसर्ग होतात. १९९४ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथील एमरी विद्यापीठात कॅथी ग्रिंडलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की याच जातीचे विकर रक्तवाहिनीच्या स्नायुपेशींतही आहे आणि अँजिओटेन्सिनचा स्पर्श होताच ते काही तासांत अधिक जोमाने सुपरऑक्साइड निर्माण करू लागते. इतर विकरांकडून सुपरऑक्साइड चुकून गळते. हे विकर मात्र ते निर्माण करण्याचेच काम करते, आणि त्याची कळ संप्रेरकाच्या हाती आहे. आज या विकराचे अनेक प्रकार माहीत असून त्यांना संक्षेपाने ‘नॉक्स’ म्हणतात.

दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच विद्यापीठात संजय राजगोपालन, डेव्हिड हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो प्रयोग केला, तो या सर्व विषयाचा कणा आहे असे मला वाटते. उंदरांच्या एका गटाला त्यांनी अँजिओटेन्सिन सतत दिले, दुसऱ्या गटाला नॉरअॅड्रेनॅलिन दिले. दोन्ही गटांचा रक्तदाब वाढला. नंतर त्यांच्या रक्तवाहिन्या तपासल्या, तेव्हा अँजिओटेन्सिनच्या गटात सुपरऑक्साइडची निर्मिती सुमारे दुप्पट झाली होती आणि वाहिन्यांची सैलावण्याची शक्ती खालावली होती. नॉरअॅड्रेनॅलिनच्या गटात दाब वाढूनही सुपरऑक्साइड वाढले नव्हते. पुढच्या वर्षी त्याच संशोधकमंडळीने सुपरऑक्साइड डिसम्युटेज सूक्ष्म मेदपिंडांत भरून उंदरांना टोचले, तेव्हा अँजिओटेन्सिनमुळे वाढलेला दाब उतरला, नॉरअॅड्रेनॅलिनमुळे वाढलेला उतरला नाही. म्हणजे सुपरऑक्साइड हे केवळ दाबाच्या माऱ्याने घडलेले नुकसान नव्हे. ते त्या विशिष्ट संप्रेरकाच्या हुकमाने निर्माण होते आणि दाब वाढविण्याच्या कामात स्वतः सहभागी असते. यंत्रावर दिसणारा आकडा एकच असला, तरी त्यामागे कोणत्या संप्रेरकाचा अंमल आहे यावर रक्तवाहिनीचे भवितव्य अवलंबून असते.

३

सुपरऑक्साइडने नायट्रिक ऑक्साइडला गाठले की अनर्थ एवढ्यावर थांबत नाही. दोहोंच्या संयोगातून पेरॉक्सिनायट्राइट हे अधिक दाहक द्रव्य बनते. अस्तरातील जे विकर नायट्रिक ऑक्साइड तयार करते, त्याला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन या साहाय्यक द्रव्याची नितांत गरज असते, आणि पेरॉक्सिनायट्राइट नेमके त्याचेच ऑक्सिडीकरण करून ते निकामी करते. साहाय्यक हरपलेले विकर मग नायट्रिक ऑक्साइड करण्याऐवजी स्वतःच सुपरऑक्साइड करू लागते. जो रक्षणकर्ता होता तोच शत्रुपक्षाला जाऊन मिळाला, असे या अवस्थेचे वर्णन करावे लागेल, आणि दुर्दैवाने हे चक्र आपल्याच गतीने फिरत राहते. हायड्रोजन पेरॉक्साइड भिंतीतील स्नायुपेशींना वाढीचा संदेश देते, त्यामुळे वाहिनीची भिंत जाड होऊन तिची पोकळी अरुंद होते. मूत्रपिंडात सुपरऑक्साइड वाढले की मीठ बाहेर टाकण्याची त्याची शक्ती घटते; मेंदूत तहान व दाब यांचे नियमन करणाऱ्या केंद्रांजवळ ते वाढले की मज्जातंतूंचा जोर वाढतो, आणि तो जोर पुन्हा मूत्रपिंडाकडून अधिक रेनिन सोडवून घेतो. अशा रीतीने भिंत, मूत्रपिंड आणि मेंदू यांच्यात अँजिओटेन्सिनचा एकछत्री अंमल सुरू होतो.

या अंमलातला दुसरा अधिकारी अल्डोस्टेरॉन. ते १९५३ मध्ये वेगळे करण्यात आले आणि दोनच वर्षांत अमेरिकेतील डॉ. जेरोम कॉन यांनी अधिवृक्क ग्रंथीतील गाठीमुळे अल्डोस्टेरॉन अमर्याद स्रवून रक्तदाब वाढलेल्या रुग्णाचे वर्णन केले. हा विकार पूर्वी दुर्मीळ मानला जाई. आता रक्तदाबाच्या रुग्णांपैकी सुमारे ५ ते १० टक्क्यांत तो असावा, असे तज्ज्ञ मानतात. अल्डोस्टेरॉन आणि मीठ यांची जोडी रक्तवाहिनीत तेच एनएडीपीएच ऑक्सिडेज चेतविते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अल्डोस्टेरॉनसारखे संप्रेरक आणि खारे पाणी दिलेल्या उंदरांत नायट्रिक ऑक्साइडचे विकर वर सांगितल्याप्रमाणे फितूर झालेले आढळले, आणि टेट्राहायड्रोबायोप्टेरिन दिल्यावर स्थिती सुधारली. मीठ अल्प असेल तर हेच संप्रेरक फारसा अपाय करू शकत नाही. मिठाची साथ मिळताच ते घातक होते. पापड, लोणचे, खारवलेली मिरची, भाकरीबरोबरचा मीठ लावलेला ठेचा, फरसाण, शेव या आपल्या नित्याच्या पदार्थांचा विचार या संदर्भात करावयास हवा. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगितले आहे, आणि सरासरी भारतीय त्याच्या सुमारे दुप्पट खातो.

शहाद्याच्या वाचकाला येथे एक आशादायक गोष्ट सांगता येते. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या खेड्यांना नेहमीच्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले गेले. त्या खेड्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मीठ कमी आणि पोटॅशियम अधिक, हा त्यातला मथितार्थ. ज्या तालुक्यात पपई आणि केळी यांचे मळेच्या मळे उभे आहेत, तेथे पोटॅशियम विकत आणण्यास बाजारात जाण्याचे प्रयोजन नाही. मात्र ज्यांचे मूत्रपिंड दुबळे झाले आहे अथवा जे अँजिओटेन्सिनला वा अल्डोस्टेरॉनला अडविणारी औषधे घेत आहेत, त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक मर्यादेपर्यंत साचू शकते. म्हणून त्यांनी असे मीठ वैद्यांच्या सल्ल्यावाचून वापरू नये.

४

सातपुड्याच्या पायथ्याशी या विषयाला आणखी दोन पदर आहेत, ते मैदानी प्रदेशातील ग्रंथांत सहसा येत नाहीत.

पहिला पदर सिकलसेलचा. मध्य भारतातील या आजाराकडे नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले, आणि नंदुरबारमधील भिल्ल व पावरा समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. या आजारात रक्तपेशी अकाली फुटून त्यांच्यातील हिमोग्लोबिन रक्तद्रवात मोकळे होते, आणि मोकळे हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड गट्ट करते. म्हणजे सुपरऑक्साइड जे कृत्य करते, तेच येथे दुसऱ्या हातून घडते. असे असूनही सिकलसेलच्या रुग्णांचा रक्तदाब त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा सर्वसाधारणपणे कमी असतो. त्यामुळे इतरांत निर्दोष समजला जाणारा आकडा अशा रुग्णात प्रत्यक्षात वाढलेला असू शकतो. पाड्यावर दाब मोजणाऱ्या परिचारिकेने रुग्णाकडे सिकलसेलचे कार्ड आहे का, हे प्रथम विचारावे, इतके या गोष्टीचे महत्त्व आहे.

दुसरा पदर जन्मवजनाचा. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि अर्भके यांचा जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यात नवजात बालकांचे सरासरी वजन पावणेतीन किलोच्याही आत भरले. नंदुरबारमधील कुपोषणाची कहाणी महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. उपाशी गर्भात मूत्रपिंडाच्या गाळण्या कमी तयार होतात आणि जन्मानंतर त्यांची संख्या वाढत नाही; गाळण्या कमी असणे हे पुढे रक्तदाबाचे कारण ठरत असावे, असे अनुमान बॅरी ब्रेनर यांनी १९८८ मध्ये मांडले. २००३ मध्ये जर्मनीत अपघातात मृत्यू पावलेल्या व्यक्तींच्या मूत्रपिंडांतील गाळण्या मोजल्या गेल्या, तेव्हा रक्तदाब असलेल्या दहा जणांत त्या प्रत्येकी सुमारे ७ लाख आणि नसलेल्या दहा जणांत १४ लाख निघाल्या. गर्भारपणात प्रथिनांची वाण असलेल्या उंदरांच्या पिलांत अँजिओटेन्सिनचा जोर वाढतो आणि तो लहानपणीच रोखल्यास मोठेपणीचा रक्तदाब टळतो, असेही प्रयोगांत दिसले आहे. या सर्व गोष्टी जोडून पाहिल्या म्हणजे असे म्हणावे लागते की गर्भवती स्त्रीच्या ताटात पडणारे पुरेसे अन्न हाही रक्तदाबावरील एक उपाय आहे, आणि तो पन्नास वर्षे आधी करावयाचा आहे.

५

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ऑक्सिडीकरणाचा ताण हे संप्रेरकजन्य रक्तदाबाचे महत्त्वाचे अंग असेल, तर ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेऊन तो बरा का होऊ नये? औषधांच्या दुकानांतून ‘अँटिऑक्सिडंट’ या नावाने महागड्या बाटल्या आणि कॅप्सुली विकल्या जातात, आणि त्या विकत घेणाऱ्यांच्या मनात हाच तर्क असतो. हा तर्क वरकरणी निर्दोष आहे. पण त्याची परीक्षा माणसांवर झालेली आहे.

२००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ नावाच्या चाचणीत हृदयविकाराचा मोठा धोका असलेल्या नऊ हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांना चार-साडेचार वर्षे दोन वेगवेगळ्या उपायांनी पारखले गेले. एक उपाय म्हणजे रोज ४०० एककांचे ई जीवनसत्त्व. दुसरा म्हणजे रामिप्रिल, म्हणजे अँजिओटेन्सिन तयार करणाऱ्या एसीई विकराला रोखणारे औषध. ई जीवनसत्त्वाने हृदयविकार, पक्षाघात अथवा मृत्यू यांपैकी काहीच कमी झाले नाही. रामिप्रिलने मात्र या आपत्तींचे प्रमाण १७.८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आणले. गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोका असलेल्या २,४१० स्त्रियांना क आणि ई ही जीवनसत्त्वे देऊन पाहणाऱ्या २००६ मधील ब्रिटिश चाचणीतही ती व्याधी टळली नाही. उलट कमी वजनाची बालके त्या गटात अधिक जन्मली. कुपोषणाशी झगडणाऱ्या जिल्ह्यात या निष्कर्षाची आठवण प्रत्येक प्रसूतिगृहात राहावयास हवी.

असे का घडावे, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड यांचा संयोग इतक्या प्रचंड वेगाने होतो की स्वतः सुपरऑक्साइड डिसम्युटेजही त्या शर्यतीत मागे पडते; क जीवनसत्त्वाची सुपरऑक्साइडशी अभिक्रिया तर त्याहून हजारो पटींनी मंद आहे. आमच्याकडे पाटाच्या भरावाला भगदाड पडले तर शहाणा शेतकरी शिवारात पसरलेले पाणी घमेल्याने उपसत बसत नाही, तो वर जाऊन बारे बंद करतो. येथेही तेच केले पाहिजे. सुपरऑक्साइड निर्माण झाल्यावर त्याचा पाठलाग करण्यात हशील नाही. ते निर्माण करणारे विकर ज्या संप्रेरकाच्या हुकमाने चालते, तो हुकूमच अडवावा लागतो.

हे बारे बंद करणारी औषधे आज उपलब्ध आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळशी स्वस्त आहेत. ब्राझीलमधील एका विषारी सर्पाच्या विषावरील संशोधनातून एसीई रोखणारे कॅप्टोप्रिल तयार झाले आणि १९८१ मध्ये ते अमेरिकेत प्रचारात आले. रामिप्रिल, एनालाप्रिल ही त्याच कुळातील होत. टेल्मिसार्टन, लोसार्टन ही औषधे अँजिओटेन्सिन जेथे जाऊन बसते ती जागाच अडवितात, आणि टेल्मिसार्टन ही सरकारी आरोग्य केंद्रांत रक्तदाबाच्या रुग्णांना मिळणाऱ्या गोळ्यांपैकी एक आहे. अल्डोस्टेरॉनला रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन हे जुने औषध तीन औषधांनाही न जुमानणाऱ्या रक्तदाबात इतरांहून अधिक प्रभावी ठरते, असे २०१५ मधील ब्रिटिश चाचणीने सिद्ध केले. या औषधांचा सारा लाभ केवळ ऑक्सिडीकरण रोखल्यामुळे होतो असा दावा कोणी करू नये. दाब उतरणे हाच त्यातला मोठा भाग आहे, आणि नॉक्स विकराला नेमके रोखणारे औषध अद्याप रक्तदाबाच्या नित्य उपचारात आलेले नाही. एसीई रोखणारी आणि ‘सार्टन’ कुळातील औषधे गर्भवतीने घेता कामा नयेत, ती गर्भाच्या मूत्रपिंडाला अपाय करतात. आणि उन्हाळ्यात जुलाब, उलटी अथवा अतिघाम यांनी शरीर शुष्क झाले असता याच औषधांनी भोवळ येऊ शकते, म्हणून त्या दिवसांत डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवावी.

याशिवाय काही गोष्टी प्रत्येकाच्या हाती आहेत. विडीचा धूर श्वासागणिक मुक्तमूलके आत सोडतो आणि तंबाखूतील निकोटीन नॉरअॅड्रेनॅलिन वाढविते, म्हणून विडी आणि मशेरी दोन्ही सोडणे हा बिनखर्ची उपाय आहे. चाळिशीच्या आत रक्तदाब वाढला, तीन गोळ्यांनीही तो हटला नाही, रक्तात पोटॅशियम कमी निघाले, स्नायू अकारण दुबळे होऊ लागले, अथवा डोकेदुखी, घाम आणि धडधड यांचे झटके एकदम येऊ लागले, तर तो नेहमीचा रक्तदाब समजून स्वस्थ बसू नये. अधिवृक्क ग्रंथीची तपासणी करून घ्यावी, कारण गाठ एकाच बाजूला असेल तर शस्त्रक्रियेने दाब बरा होण्याचा संभव असतो. संततिनियमनाच्या काही गोळ्यांतील इस्ट्रोजेनमुळे यकृत अँजिओटेन्सिनचे मूळ प्रथिन अधिक तयार करते; अशा गोळ्या घेणाऱ्या स्त्रीने दाब अधूनमधून मोजून घेतला पाहिजे.

रक्तदाबाची व्याधी वेदना देत नाही, म्हणून तिच्यासाठी रोज एक गोळी घेणे माणसाच्या जिवावर येते, आणि बरे वाटू लागले म्हणून मध्येच गोळी सोडणारे लोक प्रत्येक गावात असतात. वरील विवेचनातून एवढे तरी पटावे की गोळी सोडल्याच्या दिवसापासून केवळ आकडाच वर चढत नाही, तर भिंतीतील ते विकर पुन्हा कामाला लागते आणि नायट्रिक ऑक्साइडचा घात नव्याने सुरू होतो. शहाद्याच्या बाजारातील अँटिऑक्सिडंटच्या बाटलीवर मजुरी खर्च करण्यापेक्षा आरोग्य केंद्रात मिळणारी साधी गोळी, ताटातले निम्मे मीठ, आणि दंडाला पट्टी बांधून घेण्याचा नेम, हा व्यवहार शास्त्राच्या कसोटीला उतरलेला आहे. पाड्यापाड्यांवरच्या आशाताईंच्या हाती बिनचूक यंत्र असावे, केंद्रातील गोळ्यांचा साठा एकही महिना खंडित होऊ नये, आणि तरुण वयात रक्तदाब वाढलेल्या गरीब रुग्णाची संप्रेरकांची तपासणी जिल्ह्याच्या गावीच व्हावी, एवढी तजवीज करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि तिची मागणी करणे हा नागरिकांचा हक्क आहे.